तुझ्या सत्तरीच्या आधी

रेसिफे, ९ फेब्रुवारी

प्रिय लिंदाल्वा,

तुला घट्ट मिठी आणि नेहमीचे प्रश्न: जेवतेस ना, झोपतेस ना, रक्तदाबाची गोळी घेतेस ना? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे वाच. इथे उकाड्याने नको नको झालंय. तू तिकडे गारान्युन्सच्या डोंगरावर संध्याकाळी शाल पांघरून बसत असशील, त्यामुळे तुझ्याबद्दल मला फारशी दया येत नाही.

आईची खोली आवरलीस का? नाताळात म्हणाली होतीस की आता हात लावते. एकटीने लावू नकोस. शेजारच्या नेउसाला बोलाव, ती बोलत बसेल आणि तुझे हात चालतील. तुझ्या आईच्या, दोना आमारांच्या त्या निळ्या शालीवर माझा डोळा आहे, हे मी त्यांनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, घे, पण मी मेल्यावर. तर ती कुणाला देऊन टाकू नकोस.

इकडच्या बातम्या अशा. कार्निव्हलवाल्यांनी महिनाभर आधीपासून माझ्या खिडकीखाली ढोल बडवायला घेतलेत. माझा डावा कान बहिरा झाल्याचा पहिल्यांदाच उपयोग होतोय, उजव्या कुशीवर झोपते. ऑफिसात एवांद्रोने चहा-कॉफीच्या खोलीच्या फरशा बदलून घेतल्या. न्यायाधीश म्हणून आमच्या वरच्या कोर्टात येऊन त्याला अजून धड दोन वर्षं नाहीत, पण फरशी कोणती हवी ते त्याला पक्कं ठाऊक. पोरगा अत्तर इतकं लावतो की तो येऊन गेला हे निकालपत्रालाही कळतं. तेल्माच्या मुलीचं लग्न ठरलं. तेल्मा इतकी वर्षं माझी चिटणीस, पण मुलीचं लग्न ठरल्यापासून ती माझीच वरिष्ठ असल्यासारखी वागते.

आणि हो, एक बारीकशी बातमी राहिली. मी निवृत्तीचा अर्ज दिला. दिला म्हणजे मंजूरसुद्धा झाला. कार्निव्हल संपला की मी मोकळी.

आता लगेच फोन उचलू नकोस. माझा गुडघा कामातून गेलाय. वकील पुटपुटतात ते मला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं त्यातलं निम्मं ऐकण्यासारखं नसतं. ऑक्टोबरात मला पंचाहत्तर लागतील आणि त्या दिवशी कायदा मला नारळ देणारच आहे. कुणीतरी हातात नारळ ठेवेपर्यंत वाट कशाला बघायची? आपलं आपण निघालेलं बरं. एवांद्रोने काळजीने विचारलं की तब्येत ठीक आहे ना. मी म्हटलं, बाल्कनीत भेंडी लावणार आहे. त्याचा विश्वास बसला. बाकी कुणाचा बसला नाही.

माझी जागा या खेपेस ज्येष्ठतेने भरायची आहे. यादीत सगळ्यात वर कोण आहे ते काही आठवत नाही बाई, वय झालं. तू जरा बघून ठेव.

गुडघा चोळत बसलेली तुझी,
मार्लुसी


रेसिफे, १४ मार्च

लिंदाल्वा,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ना नमस्कार ना चमत्कार. महिनाभर मूग गिळून गप्प बसलीस आणि मग हे. ‘तू हे माझ्यासाठी केलंस का? खरं सांग. माझ्यासाठी केलं असशील तर मी अर्ज करणार नाही.’ आणि खाली सही, पूर्ण नावाची, शिक्का तेवढा मारायचा राहिला. माझ्यावर समन्स काढलंस की काय?

माझा गुडघा माझा आहे. तो कधी दुखायचा ते तुला विचारून ठरवणार नाही.

आता नियम. तुला नियम शिकवायची माझी काय टाप, पण तू सोयीस्कर विसरतेस म्हणून लिहिते. आमच्या प्रादेशिक संघीय न्यायालयात एक जागा गुणवत्तेने भरतात, पुढची ज्येष्ठतेने. मागची एवांद्रोला गुणवत्तेने गेली, म्हणून ही ज्येष्ठतेची. खालच्या न्यायाधीशांत सगळ्यात ज्येष्ठ तू. जिने अर्ज केला तिचं नाव जातं, जिने केला नाही तिच्या खालच्याचं जातं. आणि सत्तरी उलटली की वर येता येत नाही. तुझी सत्तरी २९ जूनला, सेंट पीटरच्या दिवशी. मी ऑक्टोबरात निघाले असते तर तुझं नाव यादीच्या डोक्यावर असूनही तुला कुणी विचारलं नसतं. मी मार्चमध्ये निघाले, म्हणून विचारतायत. हा निव्वळ योगायोग आहे. आयुष्यात असे योगायोग होतात, आणि शहाण्या बायका त्यांची उलटतपासणी घेत नाहीत.

वर यायला तू इतक्या वेळा नाही म्हणालीस आणि दर वेळी मी गप्प बसले. दोना आमारा अंथरुणावर होत्या, त्यांना या उकाड्यात खाली आणलं असतं तर त्या जगल्या नसत्या, हे मलाही दिसत होतं. तू कधी कुरकुर केली नाहीस. रविवारी त्यांची नखं कापायचीस आणि सोमवारी कोर्टात बसायचीस. पण त्या गेल्या, लिंदा. नोव्हेंबरात आपण दोघींनी त्यांना पोचवलं. आता कुणासाठी नाही म्हणणार आहेस?

तुला वाटतं तू लहान गावाची झालीस. वरची माणसं वेगळी, आपण तिथे शोभणार नाही. अगं बये, वरची माणसं म्हणजे मी! मी तुझे इतके निकाल फिरवले, दर वेळी तू मला तीन पानी शिव्या लिहिल्यास आणि त्याच टपालाने पेरूच्या मुरंब्याचा गुंडाळी-केक पाठवलास. त्यातल्या निदान निम्म्या खटल्यांत तूच बरोबर होतीस. कोणत्या, ते सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र खरी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाडीवरच्या बायकांचा खटला माझ्या टेबलावर होता. तिसऱ्या, कालवं, शिंपल्या वेचणाऱ्या बायका. त्यांच्या खाजणाला, त्या भरतीच्या दलदलीला, बंदरवाल्या कंपनीने कुंपण घातलंय, आणि ते कुंपण जायला हवं की राहायला, हा वाद आमच्यापर्यंत यायला पंधरा वर्षं लागली. मी तो पहिल्या पानापासून वाचला. एका रविवारी तेल्माला घेऊन तिथे जाऊनही आले, चिखलात चप्पल गेली. त्यांची पुढारी दोना क्विटेरिया, माझ्याच वयाची, मला म्हणाली की बाई, इथे कसं चालायचं ते शिकायला पाय लहान असावे लागतात. ऑगस्टात मी माझं मत वाचणार होते. ते माझ्या तोंडून वाचलं जावं अशी मला फार फार इच्छा होती. खोटं कशाला बोलू?

आता माझ्या खोलीतले सगळे खटले जो कुणी खुर्चीवर येईल त्याच्याकडे जातील. यादीत तुझ्या खालचा जो आहे तो फाइलचं शेवटचं पान वाचून निकाल लिहितो, हे तुला ठाऊक आहे. तू ये. माझ्या अगदी उलट मत दे, चालेल. पण तू पहिल्या पानापासून वाचशील.

मुदत अठ्ठावीस तारखेची. तुझा बाणेदारपणा तू एकोणतीस तारखेपासून पुन्हा सुरू कर.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
मार्लुसी


रेसिफे, २१ जून

माझी लिंदा,

बरी आहेस ना? मी बरी नाही. माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू मात्र मला मक्याच्या खिरीची कृती पाठवतेस.

अठ्ठावीस मार्चला, मुदत संपायला थोडा वेळ असताना तू अर्ज केलास. तेल्माने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी केस धुवत होते, तशीच फेसासकट नाचले. मग न्यायालयाने एकमताने तुझं नाव वर पाठवलं. एवांद्रोसुद्धा तुझ्या बाजूने बोलला, असं ऐकलं. आणि तेव्हापासून तो कागद ब्राझिलियात राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी पडलाय. एप्रिल गेला, मे गेला. सेंट जॉनच्या सणाच्या शेकोट्यांची लाकडं रस्त्यात रचून झाली. कागद हलत नाही. सही तुझ्या सत्तरीच्या आधी झाली तरच खरी, एक दिवस नंतर झाली तर तो कागद केकखाली ठेवायच्या लायकीचा.

रोज सकाळी कॉफीच्या आधी मी फोनवर राजपत्र उघडते. देशात कुणाकुणाच्या नेमणुका होतात ते तू मला विचार. मत्स्यखात्याचा नवा उपसंचालक कोण, तेही सांगेन. तुझं नाव नाही.

परवाच्या पत्रात तू लिहिलंस की तेल्माने तुला सगळं सांगितलं. त्या बाईच्या जिभेला हाड नाही. मी तिला तिच्या मुलीची शपथ घातली होती. म्हणजे तुला आता ठाऊक आहे की अर्ज देण्याआधी मी तिच्याकडून नियम पुन्हा वाचून घेतले, तुझी जन्मतारीख कागदावरून ताडून घेतली, किती महिने लागतात ते मागच्या नेमणुकांवरून काढायला लावलं. आणि शेवटच्या दिवशी सगळे हार-गुच्छ देऊन गेल्यावर मी खोलीचं दार लावून रडले, तेही तिने सांगितलंच असेल.

तर मग आता काय लपवायचं? हो. तुझ्यासाठीच केलं. गुडघा दुखतो, पण तो दहा वर्षं दुखतोय.

तू विचारलंस का. अगं, ती खुर्ची मुळात तुझीच होती. परीक्षेत तू पहिली आलीस, मी तुझ्या मागे. पुढे वरच्या कोर्टात जागा निघाली तेव्हा पहिला हक्क तुझा होता. दोना आमारांना त्याच आठवड्यात झटका आला, तू नाव मागे घेतलंस, आणि मी वर गेले. तू माझ्या शपथविधीला आलीस, रात्रीच्या बसने परत गेलीस, कारण आईला औषध द्यायचं होतं. मला कधी एका शब्दाने काही जाणवू दिलं नाहीस. इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसले आणि मला ती आवडली, लिंदा, मनापासून आवडली. तुला ती एकदाही मिळू नये आणि मी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तिला चिकटून बसावं, हे काही मला जमेना.

आता दुसरं खरं. मला फार जड जातंय. मंगळवारी सकाळी मी अंघोळ करून साडेआठला तयार होते, बूट घालते, पर्स घेते आणि दारात उभी राहिल्यावर आठवतं की मंगळवारची बैठक आता माझी नाही. मग बूट घालूनच सोफ्यावर बसते. बेकरीवाला अजून मला न्यायाधीशबाई म्हणतो आणि मी त्याला सुधारत नाही. भेंडी लावली होती, मेली. मुलगी साओ पावलोहून फोन करते, म्हणते ये माझ्याकडे, पण तिच्याकडे जाऊन मी काय करू? तिच्या कुत्र्याला फिरवू?

आणि सगळ्यात मोठी भीती ही की सही वेळेत येणार नाही. माझं गेलं ते गेलंच, आणि तुला काहीच मिळालं नाही, असं होईल. तू म्हणतेस, नाही आली तर नाही आली, तू इकडे वर ये, दोघी मिळून काजूची वाइन करू. तुझं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही. मी त्या कागदाला रोज शिव्या घालते, मग देवाची माफी मागते, मग पुन्हा घालते.

शेकोटीच्या रात्री जास्त जवळ उभी राहू नकोस, तुझा घसा धरतो. निळी शाल गुंडाळ.

आज शनिवार, राजपत्र निघत नाही. तरी उघडून बघणार आहे.

तुझी,
मार्लुसी


रेसिफे, २० ऑगस्ट

लिंदाल्वा, माझे बाई,

एकाच शहरात, चार गल्ल्यांवर राहून ही बाई पत्र काय लिहिते म्हणून हसशील. हस. तोंडावर बोलायला गेले की तू मला मध्येच तोडतेस, आणि कालचं मला सलग सांगायचंय. दुपारी तेल्माच्या हाती पाठवते. तिने वाटेत उघडून वाचलं तरी हरकत नाही, तिच्यापासून काय लपलंय?

तुझी तब्येत विचारत नाही, काल बघितली. जरा वाळलीस. त्या ऑफिसच्या कँटीनमधलं कुसकुस खाऊ नकोस, दगड असतो. माझ्याकडून डबा येईल. नको म्हणू नकोस.

सगळं आठवत बसले होते. सही आली ती तुझ्या वाढदिवसाला तीनच दिवस राहिले असताना. मी कॉफीच्या आधी राजपत्र उघडलं आणि तुझं नाव दिसलं, पूर्ण नाव, ते तुझ्या वडिलांनी ठेवलेलं लांबलचक. मी शेजाऱ्यांची बेल वाजवून त्यांना दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला पाणी दिलं. मग जुलैत शपथविधी. झगा कुणी चढवायचा हे नव्या न्यायाधीशाने ठरवायचं असतं, आणि सगळ्यांना वाटलं तू मोठ्या साहेबांना सांगशील. तू माझं नाव घेतलंस. गळ्याशी तो आकडा लावताना मी तो इतका घट्ट ओढला की तू हळूच म्हणालीस, मार्लुसी, गळा माझा आहे. फोटोत मी हसताना दिसते ते त्यामुळे.

आणि मग आठ दिवसांत तू माझ्या दारात उभी. हातात खाडीच्या बायकांची फाइल. चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं. तू म्हणालीस, हा खटला मला चालवता येणार नाही.

मी आधी समजलेच नाही. तू पान उघडून बोट ठेवलंस. खालच्या कोर्टात खटला सुरू झाला त्या वर्षी जानेवारीत तिथला न्यायाधीश रजेवर होता आणि त्याच्या जागी महिनाभर तू बसली होतीस. कंपनीने मुदत मागितली, तू चार ओळींचा हुकूम देऊन ती नाकारलीस. बस्स. तेवढंच. पण खाली ज्याने एकदा हुकूम दिला त्याला तोच खटला वर ऐकता येत नाही. मी तो खटला पहिल्या पानापासून वाचलाय म्हणून तुझ्यापुढे केवढा तोरा मिरवला होता! ते पान मी वाचलं होतं. सही तुझी होती, तुझी ती वेडीवाकडी सही मी लाखांत ओळखते, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. सगळं आखलं, महिने मोजले, वयं मोजली, तुला वर आणायला स्वतःची खुर्ची रिकामी केली, आणि मनाची समजूत घातली की निदान बायकांची फाइल लिंदाच्या हाती जाईल. आणि अख्ख्या राज्यात तो खटला जिला चालवता येत नाही अशी एकच बाई मी शोधून काढली.

तुला वाटलं मी रडेन. मी हसायला लागले. मग तूही लागलीस. आपण दोघी त्या सोफ्यावर इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून फोन आला.

फाइल एवांद्रोकडे गेली तेव्हा मात्र माझं हसू मावळलं, हे तुला ठाऊक आहे. अत्तरवाल्या पोराकडे खाजण. त्याने कधी चिखलात पाय तरी घातला असेल का, असं मी म्हणत होते. तू म्हणालीस, वाट बघ.

तर काल. मी लवकर गेले. दारावरच्या माणसाने मला आत न्यायाधीशांच्या बाजूने सोडायला बघितलं, मी म्हटलं नाही, मी लोकांच्या बाकांवर बसणार. शेवटची ओळ धरली. दोना क्विटेरिया आणि तिच्या दहा-बारा बायका आल्या होत्या, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, पहाटेच्या बसने. तिने मला ओळखलं आणि शेजारी येऊन बसली. मी तुला वर बघत होते. तू माझ्या खुर्चीत. बरं दिसत होतं. थोडा हेवा वाटला, नाही असं नाही, पण बरं दिसत होतं.

खटला पुकारला. तू माइकवर सांगितलंस की हा खटला मला चालवता येत नाही, आणि उठलीस. आपल्याकडे रीत अशी की जिला खटल्यात बसता येत नाही तिने मागच्या दाराने जावं, कॉफी घ्यावी, एवांद्रोच्या नव्या फरशा बघाव्यात. तू मागच्या दाराकडे वळलीच नाहीस. झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलास आणि पुढून खाली उतरलीस. सगळ्यांच्या माना वळल्या. अध्यक्षांना काय करावं सुचेना, ते कागद चाळायला लागले. तू बाकांच्या दोन रांगांमधून चालत शेवटपर्यंत आलीस, मला कोपराने सरकवलंस आणि माझ्या शेजारी बसलीस. कायद्याच्या एका अक्षराबाहेर कधी न गेलेली तू.

क्विटेरिया पुढे वाकून तुझ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिने विचारलं, “तुम्हा दोघींतली आमची न्यायाधीश कोण?”

तू म्हणालीस, “आज कुणीच नाही, दोना क्विटेरिया. आज आम्ही तुमच्यासारख्याच ऐकायला आलोय.”

आणि मग तू माझा हात धरलास. तू कधी हात धरत नाहीस. तुझ्या आईच्या दफनालाही मीच तुझा धरला होता.

एवांद्रोने वाचायला घेतलं. मला वाटत होतं तो दहा मिनिटांत उरकेल. त्याने सगळं वाचलं होतं ग. तुझा तो चार ओळींचा हुकूमसुद्धा त्याने वाचून दाखवला आणि म्हणाला की या खटल्यातली पहिली समंजस ओळ ही होती. भरतीची वेळ, कुठल्या बायका कुठल्या वाटेने जातात, कुंपणामुळे किती लांबून फिरावं लागतं, सगळं. मध्ये सहज म्हणून गेला की तो दोनदा तिथे गेला होता. त्याच्या बुटांची दया आली. कुंपण काढावं, खाजण बायकांचं, कंपनीचा धक्का आहे तिथे राहू दे, पण एक हातही पुढे नको, असं त्याचं मत. तिघांच्या पीठातल्या दुसऱ्याने विरोध केला. तुझ्या जागी बोलावलेली तिसरी न्यायाधीश पलीकडच्या खुर्चीत बसली होती, ती एवांद्रोच्या बाजूने गेली. झालं. बायका जिंकल्या.

मी लिहिलं असतं तर याहून चांगलं लिहिलं असतं. थोडंसंच. कदाचित नसतंही.

बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मी वर बघत होते. तुझी माझी खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात इतकी वर्षं बसले, तिच्यासाठी मार्चपासून झुरले, मंगळवारी बूट घालून बसले. आणि काल ती तिथे रिकामी पडली होती, काम तिच्याशिवाय झालं होतं, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या हातातल्या तुझ्या हाताकडे होतं.

म्हणून आता शेवटचं सांगते, आणि हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही. जूनमध्ये मी लिहिलं की हे सगळं तुझ्यासाठी केलं. ते अर्धंच खरं होतं. तुला न्याय मिळावा वगैरे ठीक आहे. पण नोव्हेंबरात तुझ्या आईला पोचवून मी बसने परत येत होते तेव्हा माझ्या मनात न्याय नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं की आता लिंदाला तिथे कुणी नाही आणि मला इथे कुणी नाही, आणि आपण दोघी म्हाताऱ्या दोन गावांत बसून एकमेकींना गोळ्या घेतल्या का विचारत मरणार. मला तू हवी होतीस. इथे, चालत जाता येईल इतकी जवळ. ‘ये’ म्हटलं असतं तर तू आली नसतीस, तुला कधी स्वतःसाठी कुठे जाता आलंच नाही. कामासाठी बोलावलं तर येशील हे मला ठाऊक होतं. म्हणून खुर्ची पुढे केली. मी तुला फसवून आणलं, बये, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आयुष्यभर आपण एकमेकींना पत्रं लिहिली, कारण मधे डोंगर होता, आई होती, काम होतं. आता मधे फक्त चार गल्ल्या आणि एक औषधाचं दुकान आहे. म्हणून हे माझं तुला शेवटचं पत्र. इथून पुढे काही सांगायचं असेल तर मी चालत येईन. गुडघा दुखला तर तू येशील.

संध्याकाळी दार उघडं ठेव.

न्यायाधीश नाही, निवृत्त नाही, नुसती तुझी,
मार्लुसी